इवो जिमाच्या जनरलसाठी डोळे पाणावतात, पण...

भटका बोका:
क्लिंट ईस्टवुडचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (२००६) परवा पुन्हा पाहिला. अमेरिकन दिग्दर्शकाने जवळजवळ सगळा सिनेमा जपानीत, शत्रूच्या बाजूने काढला, याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. केन वातानाबेचा जनरल कुरिबायाशी सुसंस्कृत, अमेरिकेत राहून आलेला, आत्मघातकी हल्ल्यांना मनाई करणारा. बेकरीवाला सायगो तर आपल्यातलाच वाटतो. सिनेमा उत्तम आहे, प्रश्नच नाही. माझी हरकत आहे ती जागेला. इवो जिमा या जपानी बेटावरच्या रहिवाशांना १९४४ मध्येच मुख्य जपानमध्ये हलवलं होतं. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेशी लढाई झाली तेव्हा तिथे उरले होते सैनिकच. वीस हजारांहून अधिक जपानी, त्यातले जेमतेम हजारभर जिवंत हाती लागले. अशा ठिकाणी जपानी सैनिक मरताना दिसतो, पण गाव जाळताना दिसायची सोयच नाही. हेच लष्कर, जिथे त्याने नागरिकांची कत्तल केली त्या नानजिंगमध्ये किंवा मनिलात उभं करा आणि मग मला रडवून दाखवा.

निवांत:
म्हणजे प्रत्येक सिनेमाने आख्ख्या युद्धाचा हिशेब द्यायचा? मग नॉर्मंडीच्या चढाईवरच्या सिनेमात मित्रराष्ट्रांनी बॉम्ब टाकून जाळलेलं ड्रेस्डेनही हवं. आणि ईस्टवुडने काही धुऊन काढलेलं नाही. मायदेशातच लष्करी पोलिसांतला वरिष्ठ शिमिझू या तरुण शिपायाला एका कुटुंबाचा कुत्रा मारायला लावतो, तो प्रसंग आठवा. त्याच शिमिझूला पुढे शरण गेल्यावर अमेरिकन सैनिक गोळी घालतो. दोन्ही बाजू आहेत की.

भटका बोका:
कुत्रा! चीनमध्ये माणसं मारली, आणि सिनेमात क्रौर्य दाखवायला कुत्रा. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

जुनी रीळ:
मंडळी, हॉलिवूड सोडा. हे काम जपान्यांनी स्वतः केव्हाच केलंय. मासाकी कोबायाशीचा 'द ह्यूमन कंडिशन' (१९५९-६१), तीन भाग, साडेनऊ तासांच्या आसपास. जपानव्याप्त ईशान्य चीनमधल्या, म्हणजे मांचुरियातल्या खाणीवर चिनी कैदी विजेच्या तारांच्या कुंपणाआड, त्यांचा शिरच्छेद, आणि हे सगळं थांबवू पाहणारा जपानी नायक काजी, जो स्वतःच त्या यंत्रणेचा पगार खातो. कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात गेला होता, मांचुरियात होता, आणि त्याने बढती नाकारली. हा माणूस बाहेरून बोलत नव्हता.

सातारी पाणी:
कोबायाशी अपवाद हो. कोन इचिकावाचा 'द बर्मीज हार्प' (१९५६) घ्या. वीणा वाजवणारा जपानी सैनिक मिझुशिमा भिक्षू होऊन मागे राहतो, कशासाठी? जपानी प्रेतं पुरायला. ब्रह्मी माणसं बघे म्हणून. त्यांच्या देशात तीन वर्षं काय चाललं होतं, याचा उच्चार नाही. देखणा आहे, मान्य. पण दुःख सगळं पाहुण्यांचं, घर कुणाचं ते कुणी विचारतच नाही.

जुनी रीळ:
त्याच इचिकावाचा 'फायर्स ऑन द प्लेन' (१९५९) पाहिलात का? फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर उपाशी जपानी सैनिक तामुरा ओसाड गावात शिरतो, घाबरून ओरडणाऱ्या फिलिपिनो बाईला गोळी घालतो आणि तिथलं मीठ घेऊन निघतो. पुढे सैनिक एकमेकांचं मांस खायला लागतात. तामुराची कीव येते, पण ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. याहून जास्त काय हवं?

सातारी पाणी:
हा मात्र जबरदस्त आहे. पण बहुसंख्य प्रेक्षकांनी पाहिला काय? 'द इटर्नल झीरो' (२०१३). वैमानिकाचं कुटुंबप्रेम, तुफान गल्ला, वर तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी केलेलं कौतुक.

आपल्याकडचीही गंमत सांगतो. जपान म्हटलं की नेताजींचा मित्र, एवढ्यावर आपण थांबतो. सेल्युलर जेल म्हटलं की सावरकर आणि इंग्रज. त्याच जेलमध्ये १९४२ नंतर जपान्यांनी हिंदी माणसांचे हाल केले. हेरगिरीच्या संशयावरून ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. नेताजी पोर्ट ब्लेअरला येऊन गेले त्याला जेमतेम महिना झाला होता. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना अडवणाऱ्यांत मराठा पलटण होती. त्यांच्या बाजूने तरी कुठे सिनेमा आहे?

निवांत:
नाही, हा दोष आपल्या निर्मात्यांचा. जपान्यांच्या माथी कशाला? उलट कोहिमाच्या लढाईचा सिनेमा जपानी बाजूनेच करण्यासारखा आहे. रसद नाही, माणसं भुकेने आणि आजाराने मरतायत, आणि डिव्हिजनचा सेनापती सातो हा आपला वरिष्ठ जनरल मुतागुची याचा हुकूम मोडून माघार घेतो. तिथे नागांची गावंही आहेत, म्हणजे बोकेराव, तुमची अट पूर्ण.

भटका बोका:
काढा, पहिल्या दिवशी पहिला शो बघेन. फक्त सातोच्या सैनिकांनी कुणाच्या कोठारातला तांदूळ उचलला, तेही दिसू द्या. चिनी दिग्दर्शक लू चुआनने 'सिटी ऑफ लाइफ अँड डेथ' (२००९) मध्ये तेच केलं. कादोकावा हा जपानी सैनिक, शहर नानजिंग, आणि बळी पूर्ण वेळ समोर. चीनमध्ये लोकांनी त्यालाच धारेवर धरलं, शत्रूला माणूस का केलं म्हणून.

निवांत:
आणि तुम्ही ईस्टवुडला धारेवर धरता, शत्रूला नुसताच माणूस केलं म्हणून. दिग्दर्शकाने करायचं तरी काय?

जुनी रीळ:
साडेनऊ तासांचा सिनेमा.