‘तळ्यात-मळ्यात’ मतदाराला नेमका शब्द कोणता?

मूळ प्रश्न

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नेदरलँड्सच्या ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीवर लेख लिहितोय. मी आइंडहोवनला असतो, त्यामुळे माहितीची ददात नाही, घोडं शब्दांपाशी अडलंय.

इथल्या संसदेच्या मुख्य सभागृहात १५० जागा आहेत. बहुमताला ७६ लागतात आणि ते आजवर एकाही पक्षाला एकट्याने मिळालेलं नाही. निकालानंतर पक्ष जे जुळवतात त्याला युती म्हणू की आघाडी? आणि दर निवडणुकीला पक्ष बदलणाऱ्या मतदाराला काय म्हणू? डचमध्ये त्याला ‘झ्वेव्हंडे कीझर’ म्हणतात, म्हणजे अधांतरी असलेला मतदार. ‘तरंगता मतदार’ लिहून पाहिलं, पण डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं.

प्रतिसाद १

युती आणि आघाडी ही महाराष्ट्रात आता विशेषनामं झाली आहेत. युती म्हटलं की १९९५ चं सेना-भाजप सरकार, आघाडी म्हटलं की दोन्ही काँग्रेस. मुळात युती पंचांगातली, ग्रहांची. आघाडी लढाईतली, पिछाडीच्या उलट. दोन्हींत आधी जागावाटप, मग एकत्र लढणं असं गृहीत असतं. तुमच्याकडे तर प्रत्येक जण आपापला लढतो आणि नंतर मोट बांधतो. ‘संमिश्र सरकार’ लिहा. रुक्ष आहे, पण गैरसमज होत नाही.

प्रतिसाद २

असं कसं? १९९९ ला दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या आणि निकालानंतर एकत्र आल्या. २०१९ ची महाविकास आघाडीसुद्धा निकालानंतरचीच. मला तर ‘आघाडी’ अगदी चपखल वाटते.

प्रतिसाद १

मान्य. पण २०१९ ला ‘जनादेशाचा अपमान’ म्हणून किती गदारोळ झाला आठवा. तशी ओरड तिथे होते का?

मूळ प्रश्नकर्ता

नाही होत. आपला पक्ष ७६ गाठणार नाही हे मतदाराला आधीच ठाऊक असतं. नाराजी होते ती अमुक मुद्दा वाटाघाटीत का सोडला यावर. ‘आघाडी’ शब्दासोबत आपल्याकडचा तो सगळा राग वाचकाच्या मनात येईल, म्हणून ‘संमिश्र सरकार’ घेतो.

प्रतिसाद ३

आमच्या वडिलांच्या पिढीचं ‘कडबोळं’ वापरा की! शरद पवारांच्या पुलोद सरकारपासून चालत आलंय.

प्रतिसाद ४

कडबोळ्यात हेटाळणी आहे. जिथे सगळीच सरकारं तशी, तिथे हेटाळायचं कोणाला?

मला उत्सुकता वेगळीच आहे. ही बोलणी करतं कोण?

मूळ प्रश्नकर्ता

त्यासाठी वेगळी माणसं नेमतात. आधी कोण कोणासोबत बसायला तयार आहे याची चाचपणी होते. मग ‘इन्फॉर्माटर’ पक्षांमध्ये ये-जा करून किमान समान कार्यक्रम ठरवतो. शेवटी ‘फॉर्माटर’ मंत्रिमंडळ बनवतो आणि बहुधा तोच पंतप्रधान होतो. पूर्वी या नेमणुका राणी करायची, २०१२ पासून सभागृह करतं. इन्फॉर्माटर म्हणजे स्थळं जुळवणारा मध्यस्थ, स्वतः बोहल्यावर न चढणारा, म्हणून लेखात त्याला ‘मध्यस्थ’च म्हटलंय. मार्च २०२१ ला मतदान झालं आणि सरकारचा शपथविधी जानेवारी २०२२ मध्ये, तब्बल २९९ दिवसांनी. तोवर जुनंच सरकार काळजीवाहू. हा शब्द आपल्याकडे तयार आहे हे बरं.

आणखी एक शब्द छळतोय, ‘खेडोखन’. २०१० ला दोन पक्षांचं सरकार आलं. त्यांच्या जागा ३१ आणि २१, म्हणजे ५२. गेर्ट विल्डर्स यांच्या कडव्या उजव्या पक्षाच्या २४ जागा होत्या. तो मंत्रिमंडळात आला नाही, पण सरकार तगवण्याचं त्याने कबूल केलं. बेरीज काठावर ७६. एप्रिल २०१२ मध्ये खर्चकपातीच्या बोलण्यांतून विल्डर्स उठून गेले आणि सरकार पडलं. या व्यवस्थेचं नाव ‘खेडोखन’वरून पडलंय. कायद्याने मनाई असलेली गांजाविक्री इथली कॉफी शॉप्स करतात आणि सरकार ती चालू देतं, त्यालाही हाच शब्द.

प्रतिसाद २

गांजासाठी ‘कानाडोळा’ किंवा ‘खपवून घेणं’. सरकारसाठी सरळ ‘बाहेरून पाठिंबा’. बाहेरच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झालेले चंद्रशेखर, देवेगौडा आठवणाऱ्या वाचकाला पुढचं समजावून सांगायला लागणार नाही.

प्रतिसाद ५

मतदाराकडे या आता. ‘कुंपणावरचा’ नको. तो कोण जिंकतंय ते बघून उडी मारणारा, त्यात संधिसाधूपणाचा वास आहे. वर्तमानपत्री ‘दोलायमान’ पाठ्यपुस्तकी वाटतो. माझं मत ‘तळ्यात-मळ्यात’ला.

मूळ प्रश्नकर्ता

शीर्षकासाठी तोच डोक्यात होता, पण आकडे पाहिले आणि शंका आली. डी-६६ हा पक्ष २०२१ ला २४, २०२३ ला ९, २०२५ ला २६. पीटर ओमझिख्त यांनी २०२३ मध्ये काढलेल्या नव्या पक्षाला त्याच वर्षी २० जागा मिळाल्या आणि दोन वर्षांनी शून्य. शेतकऱ्यांचा बीबीबी पक्ष मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतीतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणावरच्या नियमांच्या रागातून सगळ्या १२ प्रांतांत पहिला आला. त्याच नोव्हेंबरात संसदेत ७ जागा, २०२५ ला ४.

विल्डर्स यांचा पक्ष ३७ वरून २६ वर आला तेव्हा ‘लाट ओसरली’ असं मीही लिहून टाकलं होतं. मग त्याच बाजूचे तिन्ही पक्ष मिळून बेरीज केली. २०२३ ला ३७, ३ आणि १, म्हणजे ४१. २०२५ ला २६, ७ आणि ९, म्हणजे ४२! कुठे ओसरलं? एकाच आळीत बिऱ्हाड बदललं, एवढंच.

प्रतिसाद ५

मग ‘तळ्यात-मळ्यात’ बाद. त्यात या टोकाहून त्या टोकाला उडी आहे. ‘लाट’ही खोडा.

प्रतिसाद १

उलट बाजूने विचार करा. आपल्याकडे ‘हक्काचा मतदार’ म्हणतात, ‘गठ्ठा मतदान’ म्हणतात. तसा मतदार तिथे कधी होता का?

मूळ प्रश्नकर्ता

होता तर. साठच्या दशकापर्यंत कॅथलिकांची शाळा, वर्तमानपत्र, कामगार संघटना, नभोवाणी सगळं वेगळं, आणि मत त्यांच्याच पक्षाला. प्रोटेस्टंटांचं तसंच, समाजवाद्यांचंही. कॅथलिक पक्षाला १९६३ ला ५० जागा होत्या. पुढे चर्चची पकड सुटली आणि १९७२ ला उरल्या २७.

प्रतिसाद १

मग ‘मोकळा मतदार’. हक्काचा होता, तो मोकळा झाला. त्यात निंदा नाही आणि खेडोपाडीही कळेल.

प्रतिसाद ३

‘मोकळा’ला आमच्याकडे ‘बिनकामाचा’ असाही अर्थ आहे बरं का.

मूळ प्रश्नकर्ता

चालेल, पहिल्यांदा वापरताना एका ओळीत खुलासा करतो. ‘मोकळा मतदार’ पक्का.

प्रतिसाद ४

तुम्हाला तिथे मत आहे का?

मूळ प्रश्नकर्ता

संसदेसाठी नाही, त्याला नागरिकत्व लागतं. पाच वर्षं कायदेशीर राहिलं की नगरपालिकेला देता येतं. मतयंत्रं सुरक्षेच्या शंकेवरून कधीच बंद केली. आता भल्यामोठ्या कागदावर उमेदवाराच्या नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा. म्हणजे ‘बटण दाबलं’ म्हणता येत नाही आणि ‘शिक्का मारला’ही नाही. त्यासाठी वेगळा धागा काढतो.