मदत हवी आहे: स्पेनसाठी पोलीस दाखला, भारताचाही आणि अमेरिकेचाही, दोन्हींवर अपोस्टिल. सुरुवात कुठून करू?

तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे मी एका कागदामागं पळत होते, आणि परवा कळलं की तो कागदच चुकीचा. म्हणून इथं विचारते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. त्याआधी आम्ही दोघं अडीच वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये होतो. ते एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. आता त्यांना स्पेनमध्ये बिल्बाओजवळच्या कास्टिंग कंपनीत नोकरी लागली आहे. कंपनीच्या वकीलबाईंनी यादी पाठवली: गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात राहिलात त्या प्रत्येक देशाचा गुन्हे-नोंद दाखला, त्यावर अपोस्टिल (म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), मग स्पॅनिश भाषांतर. दोघांचंही. म्हणजे चार दाखले.

पोलीस दाखला म्हटल्यावर मी सरळ जिल्हा पोलिसांकडं चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज भरला. दाखले आले, सही-शिक्का सगळं झकास. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, सुनेचं काम झालं म्हणून इतके खूश झाले की त्याच संध्याकाळी बिनखांबी गणेश मंदिराकडं जाऊन दोन्ही दाखले लॅमिनेट करून आणले. जाड प्लॅस्टिक. "आता शंभर वर्षं काय होत नाही बघ."

मग एका एजंटकडं गेलो. तो म्हणाला, हा दाखला चालणारच नाही, पण चारी कागद अपोस्टिलसकट आम्ही करून देतो, अट्ठेचाळीस हजार. अमेरिकेचं कसं करणार विचारलं तर म्हणाला, "तुम्ही प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करू, त्यावरच अपोस्टिल मारू. कोण बघतंय?" इथं माझी पाल चुकचुकली.

आता मला एवढंच कळेना झालंय: पोलिसांचा दाखला चालत नाही तर मग कुणाचा? दिल्लीला जावं लागतं का? अमेरिकेचा दाखला कोल्हापुरात बसून निघतो का? त्याला बोटांचे ठसे लागतात म्हणे, ते कोण घेणार? आणि मी तर तिकडं एक दिवस नोकरी केली नाही, मग माझाही कशाला?

मिसळ_आणि_कट

लॅमिनेशन! ताई, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टचं आमच्या आबांनी हेच केलं होतं. अख्ख्या कोल्हापूरच्या बापांना एकच रोग आहे. मदत काय करू शकत नाही, धागा वर आणतो.

दुबई_रिटर्न

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पीसीसी, म्हणजे परदेशासाठीचा पोलीस दाखला काढायचा, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, मग तिकडं उतरल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा. वकिलातीच्या शिक्क्याशिवाय कुणी हातात धरत नाही. स्पेनच्या वकिलातीची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेवा.

रंकाळ्याचा_काठ

दुबई_रिटर्न, तुमचं दुबईपुरतं बरोबर आहे, स्पेनसाठी नाही. यूएई अपोस्टिलच्या करारात नाही, म्हणून तिथं शिक्क्यांची माळ लागते. कुवेत, कतारचंही तसंच. स्पेन करारात आहे आणि आपणही आहोत, १४ जुलै २००५ पासून. करारातल्या दोन देशांत एकच अपोस्टिल पुरतं, कागदावर वकिलातीचा शिक्का लागत नाही. व्हिसासाठी मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीशी संबंध येईल, ते वेगळं. ही यादी बदलत राहते, त्यामुळं जुने अनुभव जपून ऐकायचे. सौदी २०२२ च्या डिसेंबरात आलं, चीन २०२३ च्या नोव्हेंबरात, कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला. २०१९ ला कॅनडाला गेलेला भाचा जे सांगेल ते आज लागू नाही.

आता ताईंचा मूळ प्रश्न. मी गेल्या वर्षी पोर्तुगालसाठी हे सगळं केलंय आणि तुमच्याच खड्ड्यात पडून उठलोय.

अपोस्टिल म्हणजे तुम्ही सज्जन आहात असा दाखला नव्हे. कागदात काय लिहिलंय ते कुणी तपासत नाही. खाली सही करणारा खरा अधिकारी आहे का, त्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे का, एवढंच ते सांगतं. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: कागदावर सही कुणाची? तुमच्या चारित्र्य पडताळणीवर सही जिल्हा पोलिसांची, म्हणजे राज्य सरकारची. ती सही दिल्लीच्या नोंदीत नसते. मध्ये राज्याच्या खात्याची साखळी लागते. इथल्या नोकरीला, सुरक्षारक्षकाच्या कामाला तो दाखला ठीक आहे.

परदेशासाठी लागतो तो पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पीसीसी, आणि तो देतं पासपोर्ट कार्यालय. सही पासपोर्ट अधिकाऱ्याची, म्हणजे केंद्र सरकारची, म्हणून तो थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला जातो. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, फी ५०० रुपये. आपण पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण पुण्याला धावायची गरज नाही. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीची अपॉइंटमेंट मिळते, आणि कोल्हापूरला ते केंद्र आहे. पासपोर्टवरचा पत्ता तोच असेल आणि आधीची पडताळणी स्वच्छ असेल तर लवकर सुटतं. पत्ता बदलला असेल तर फाईल तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात येते आणि तिथल्या माणसाच्या सवडीनं हलते.

अर्जात देश विचारतात आणि दाखल्यावर तो छापून येतो. तिथं स्पेनच लिहा. माझ्या मित्रानं "कुठंतरी युरोप" म्हणून दुसराच देश घातला आणि परत पाचशे भरले.

तिसरी_गल्ली

देवा. म्हणजे मी राज्याचा काढला आणि केंद्राचा हवा होता. हे कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर.

अपोस्टिलला दिल्लीला माणूस पाठवावा लागेल का? आणि अमेरिकेचं?

रंकाळ्याचा_काठ

माणूस पाठवून उपयोगच नाही. २०१२ पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सींकडं द्यावे लागतात. मुंबईतही होतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे. पन्नास! एजन्सीचा सेवा आकार आणि कुरिअर वेगळं, तरी अट्ठेचाळीस हजारांच्या गावालाही जात नाही. ई-सनद म्हणून मंत्रालयाचं पोर्टल २०१७ पासून आहे, तिथून ऑनलाइनही होतं. मी पीसीसी तिथूनच केला.

मूळ कागदाच्या मागं छापील स्टिकर लागतो, त्यावर दहा रकाने आणि एक क्रमांक. तो क्रमांक कुणीही ऑनलाइन पडताळू शकतो. वरचं शीर्षक फ्रेंचमध्ये असतं, १९६१ च्या हेग कराराचं. कराराची अटच ती आहे. माझ्या आईला वाटलं चुकून दुसऱ्या देशाचा स्टिकर लागला.

आणि हो, स्टिकर कागदावर लागतो, प्लॅस्टिकवर नाही. मामांना सांगा.

अमेरिकेचं मला माहीत नाही, तिकडचं कुणीतरी येईल.

मिलवॉकी_ते_मलकापूर

आलो. रात्रपाळीत वाचतोय. विस्कॉन्सिनचं नाव काढलं म्हणून लॉगिन केलं.

वहिनी, पहिलं म्हणजे त्या एजंटचा नाद सोडा. भारतात नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्रावर भारताचं अपोस्टिल लागेल, पण त्यातून सिद्ध काय होणार? नोटरीची सही खरी आहे एवढंच. अमेरिकेत तुमच्यावर गुन्हा नाही हे कोल्हापूरचा नोटरी कुठून सांगणार! पकडलं गेलं तर व्हिसा जाईल ते वेगळंच.

तुम्हाला एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा दाखला लागतो. त्याचं नाव 'आयडेंटिटी हिस्टरी समरी'. फी माणशी १८ डॉलर, अर्ज एफबीआयच्या साइटवर ऑनलाइन, कार्डानं पैसे. मग ठशांचं कार्ड टपालानं वेस्ट व्हर्जिनियाला पाठवायचं. कार्डाचा नमुना त्यांच्याच साइटवरून साध्या कागदावर छापून घेतला तरी चालतो. उत्तर ईमेलनं येतं. खासगी चॅनेलर, म्हणजे एफबीआयनं मान्यता दिलेले मध्यस्थ, झटपट काढून देतात असं ऐकाल, पण ते फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी. तुम्ही त्यात बसत नाही.

आता गंमत बघा, इथंही तुमच्या कोल्हापूरच्या दाखल्यासारखाच राज्य-केंद्राचा घोळ. विस्कॉन्सिन राज्याचाही गुन्हे-नोंद दाखला मिळतो, स्वस्त आणि पटकन, आणि लोक तो काढून बसतात. त्यावर अपोस्टिल राज्याचं. पण स्पेनला अख्ख्या देशाचा हवा, म्हणजे एफबीआयचा, म्हणजे केंद्राचा. त्यावर कुठल्याही राज्याचं अपोस्टिल चालत नाही, फक्त अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं. ऑथेंटिकेशन्स ऑफिस म्हणतात त्याला, टपालाचा पत्ता व्हर्जिनियातल्या स्टर्लिंगचा. फॉर्म डीएस-४१९४, कागदामागं २० डॉलर. फॉर्मवर देश विचारतात, स्पेन लिहायचं. ईमेलनं आलेल्या पीडीएफची प्रिंट चालते. नोटरी मात्र अजिबात करू नका. आपल्या माणसाला सवय असते, दिसला कागद की नोटरी. केंद्राच्या कागदावर नोटरी केली की ते परत पाठवतात.

भारतातून अडचण होते ती पैशाची आणि परतीच्या पाकिटाची. अमेरिकन बँकेचा चेक किंवा मनीऑर्डर, आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट लागतं. तिकडं कुणी मित्र असेल तर त्याला पीडीएफ पाठवा, तो प्रिंट काढून पुढं टाकेल. कुणी नसेल तर मला निरोप करा. मलकापूरच्या माणसानं कोल्हापूरला एवढं करायलाच पाहिजे.

तुमचा दाखला का? कारण प्रश्न राहण्याचा आहे, नोकरीचा नाही. एच-फोर असली तरी तुम्ही राहत होताच.

निवृत्त_ठसेवाला

ठशांचं मी सांगतो. मी नोकरीतली बरीच वर्षं अंगुलीमुद्रा विभागात काढली. (सहज माहिती म्हणून: जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र लंडनला नाही, १८९७ साली आपल्या कलकत्त्यात सुरू झालं. तिथं काम करणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची नावं फार कमी लोकांना ठाऊक आहेत.)

ताई, मिस्टर फाउंड्रीत म्हणालात. कोअर शॉप (वाळूचे साचे करतात ते) की फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करतात ते)? वाळू आणि ग्राइंडिंगनं बोटांच्या रेषा घासल्या जातात. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, हुपरीचे चांदी कारागीर, सगळ्यांचं हेच. आधारच्या मशीनवर त्यांचं बोट लागतं का विचारा, लगेच कळेल. लागत नसेल तर ठसे घ्यायच्या आधी आठ-दहा दिवस वाळूत हात घालू नका म्हणावं, शक्य तर रजाच. रोज रात्री हाताला खोबरेल. ठशांच्या दिवशी मात्र तेल नको, साबणानं हात धुऊन खडखडीत कोरडे करायचे.

काळी छपाईची शाई, पातळ थर. प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं, मागंपुढं नाही. खालच्या ओळीत चार बोटं एकत्र सपाट, अंगठे वेगळे. बोट ठसे घेणाऱ्याच्या हातात सैल सोडायचं. शिकलेली माणसंच मदत करायला जातात आणि ठसा फराटतो. सही कार्डावर घरून करून नेऊ नका, घेणाऱ्यासमोर करा. आणि एका माणसाची एक नव्हे, दोन-तीन कार्डं करून घ्या. एक खराब ठरलं तर दुसरं हाताशी असतं.

पोलीस ठाण्यात विचारून बघा. काही ठिकाणी अर्ज दिला की घेतात, काही ठिकाणी परदेशी कार्ड बघून हात वर करतात. नाहीतर पुण्या-मुंबईत पैसे देऊन ठसे घेऊन देणारे आहेत. पण पैसे देण्याआधी त्यांच्याकडचा एक जुना नमुना मागा. रेषा मोजता आल्या पाहिजेत, नुसते काळे ठिपके नकोत.

तिसरी_गल्ली

कोअर शॉप! आणि हो, रेशनच्या मशीनवर यांचं बोट कधीच लागत नाही, मामांचंच लावतो आम्ही. काका, तुम्ही नसता सांगितलं तर आम्ही एकच कार्ड पाठवून महिनाभर वाट बघत बसलो असतो.

एक शेवटचं. आधी काय काढू? आणि लग्नाचा दाखलाही यादीत आहे, त्याचं काय?

रंकाळ्याचा_काठ

एफबीआय आधी, कारण टपालात आणि रांगेत आठवडे जातात. पीसीसी नंतर. अपोस्टिलला मुदत नसते, पण खालचा दाखला किती जुना चालेल हे तो देश ठरवतो. वकीलबाईंना आधी तो आकडा विचारा. पीसीसी घाईनं काढून ठेवला आणि एफबीआय उशिरा आला तर पीसीसी शिळा होतो. माझा झाला होता.

लग्नाचा दाखला राज्याचा कागद. म्हणजे आधी मुंबईत राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय. तुमच्या चारित्र्य पडताळणीनं जो रस्ता धरला असता तोच.

भाषांतर सगळ्यात शेवटी, अपोस्टिल लागल्यावर, म्हणजे स्टिकरचंही भाषांतर होतं. स्पेनला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयानं नेमलेला शपथबद्ध भाषांतरकार लागतो. आपल्याकडचा स्पॅनिशचा क्लासवाला कितीही चांगला असला तरी चालत नाही.

दुबई_रिटर्न

मान्य. माझा अनुभव २०१४ चा होता. ताई, अपॉइंटमेंट घेतली असेल तर रद्द करा.

तिसरी_गल्ली

नव्हती घेतली काका, काळजी नको.

बारा दिवसांनी लिहिते आहे. यांनी कोअर शॉपमधून आठवडाभर ऑफिसात बदली मागून घेतली, सगळे हसले. पहिल्या पोलीस ठाण्यात नाही म्हणाले, दुसरीकडं एका हवालदारांनी जेवणाच्या सुट्टीत घेऊन दिले, माणशी तीन कार्डं. भिंगातून बघितलं, यांच्या उजव्या अंगठ्याच्या रेषा थोड्या पुसट आहेत, बाकी स्वच्छ. कार्डं काल स्पीड पोस्टनं वेस्ट व्हर्जिनियाला गेली. मलकापूरकरांना निरोप केलाय. वकीलबाई म्हणतात दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना नको, म्हणून पीसीसीची अपॉइंटमेंट एफबीआयचा ईमेल आल्यावरच घेणार.

मामांना बसवून सगळं समजावलं की यापुढं कुठल्याही कागदाला प्लॅस्टिक नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, मग झेरॉक्स तरी काढून ठेवतो." कार्डं पाठवायच्या आधीच पाच-पाच काढून ठेवल्यात.