मदत हवी आहे: पटावर विमानवाहू जहाजांचे प्रकार वेगळे कसे दाखवायचे?

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय. सुट्टीत भाचेकंपनी मुक्कामाला आहे. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या लढाईचा खेळ घरीच बनवला. केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा (रावेरला सासुरवाडी असल्यावर त्याला काय तोटा), वर निळा चार्ट पेपर, षटकोनी घरं. जहाजं १ सेंमीला ५० मीटर या मापाने कापली: अमेरिकेचे तीन वर्ग, मोठा एसेक्स ५.३ सेंमी, मधला इंडिपेंडन्स ३.८, छोटा कॅसाब्लांका ३.१. शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. खेळताना मात्र दिसत नाही, घोडं तिथेच अडलंय.

दहा विमानांची एक सोंगटी धरली. एसेक्सला ९, कॅसाब्लांकाला ३, आणि किंमतही तेवढेच गुण. मोठा भाचा सरळ एका एसेक्सऐवजी तीन कॅसाब्लांका घेतो. विमानं तेवढीच, पण मला बुडवायला तीन जहाजं! सलग चार डाव हरलोय. वर म्हणतो, "मामा, मोठं जहाज घेतं कोण?"

आता तो अगदीच चूक आहे असंही नाही, अमेरिकेने कॅसाब्लांका तब्बल ५० बांधल्या. पण त्यांचा वेग १९ नॉट (ताशी सागरी मैल), एसेक्सचा ३३. म्हणून एसेक्सला ५ घरं आणि कॅसाब्लांकाला ३ घरं चाल दिली. पठ्ठ्या हलतच नाही! कोपऱ्यात बसून विमानं सोडतो.

ब्रिटिश इलस्ट्रियसचं दुखणं वेगळंच. डेकवर ३ इंची पोलादी चिलखत, पण त्या वजनापायी हँगरमध्ये (डेकखालच्या विमानांच्या कोठारात) विमानं ३६च. माझ्या हिशोबात ती नुसती महागडी इंडिपेंडन्स होते. काय करू?

(धाकट्याला विक्रांतही हवी आहे. तिचा सांगाडा पाण्यात उतरला सप्टेंबर १९४५ मध्ये, लढाई संपल्यावर, हे पटवण्यात एक संध्याकाळ गेली.)

प्रतिसाद:
दादा, वेग चालीला लावलात तिथे गडबड झाली. तो उड्डाणाला लावा. विमानं सोडताना जहाज वाऱ्याला तोंड करून जोरात पळवायचे, जहाजाचा वेग आणि वारा मिळून विमान उचललं जायचं. दर फेरीला वाऱ्याचा फासा टाका. वारा पडला तर कॅसाब्लांकाची एकच सोंगटी उडेल, एसेक्सला फरक नाही. शिवाय कॅसाब्लांकावर सहसा वाइल्डकॅट (जुनी लढाऊ) आणि अ‍ॅव्हेंजर (टॉर्पेडो-बॉम्बफेकी) विमानं असायची, हेलकॅट (नवी लढाऊ) क्वचितच. सोंगट्यांचे रंगच वेगळे करा.

कोपऱ्यात बसणाऱ्यावर युद्धनौका सोडा. २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ असल्याच सहा जहाजांवर यामातो या जपानी युद्धनौकेचा ताफा चालून आला. त्यांना धड पळता येईना, त्यातली गॅम्बियर बे तर तोफांनीच बुडाली.

इलस्ट्रियसला जास्त प्राण देऊ नका, डेक लवकर उघडू द्या. ४ मे १९४५ ला तिच्याच वर्गातल्या फॉर्मिडेबलवर कामिकाझे (जपानी आत्मघाती विमान) आदळलं, तरी काही तासांत डेक चालू होता. उलट १९४२ च्या मिडवेच्या लढाईत जपानी विमानवाहू अकागीवर थेट बसलेला एकच बॉम्ब पुरला, कारण आत हँगरमध्ये पेट्रोल भरलेली विमानं होती. म्हणजे बॉम्ब बसला तेव्हा सोंगट्या जहाजावरच असतील, तर आगीचा जादा फासा.

धागाकर्ता:
खूप आभार भाऊ! रात्री गच्चीवर एक डाव झाला. वाऱ्याचा फासा दोनदा शून्य पडला आणि भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खाली हॉलमध्ये खेळलो असतो तर कूलरनेच सोंगट्या उडवल्या असत्या. आगीचा फासा जपान्यांना फारच जड जातोय, सहा पडला तरच आग असं ठेवू का? आणि कॅसाब्लांका आता ३ गुणांना कोणी घेईना, २ ला द्यावी का?