शाळा तपासणीचे शेरे आणि पोषण आहाराचा पुरवठा करार : व्यवस्थापन समितीने नेमकं काय आणि कुठे तपासायचं?

पाटीदप्तर :
जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा, ग्रामीण भाग. पट शंभर : पहिली ते पाचवी ६०, सहावी ते आठवी ४०. शाळा व्यवस्थापन समिती नव्याने स्थापन झाली आहे आणि पालक सदस्यांना मनापासून काम करायचं आहे.

दोन अडचणी आहेत. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी हे शाळा तपासणारे अधिकारी येतात, शेरेपुस्तकात 'कामकाज समाधानकारक' लिहून जातात. वर्गखोलीची गळती आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसणं मात्र जिथल्या तिथे राहतं. दुसरं, पोषण आहाराचा धान्यादी माल ठेकेदाराची गाडी आणून टाकते, पोचपावतीवर सही घेते आणि जाते. कराराची प्रत शाळेत नाही, त्यामुळे काय, किती, कोणत्या दर्जाचं यायला हवं होतं हेच कोणाला सांगता येत नाही.

तपासणी करणाऱ्यांचं काम नीट झालं का, हे समितीला विचारता येतं का? आणि करारावर देखरेख कुठून सुरू करायची?

बोरूवाला :
विचारता येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ मध्ये समितीची कामं लिहिलेली आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून शिफारस करणं, आणि शाळेला कुठूनही मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हेही त्याच कलमात आहे. अधिकाऱ्याची तपासणी समिती करत नाही, पण त्याच्या शेऱ्याची पूर्तता झाली की नाही हे शाळेच्या कामकाजातच मोडतं.

शेरेपुस्तक उघडा आणि मागच्या दोन वर्षांचे शेरे एका ताव कागदावर उतरवून घ्या. चार रकाने पाडा : भेटीची तारीख, शेरा, पूर्तता कोणी करायची, झाली का. बहुतेक ठिकाणी तिसरा आणि चौथा रकाना कोरा राहतो आणि दुखणं तिथेच आहे. 'समाधानकारक' या शेऱ्याची पूर्तता करताच येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. शेरा असा हवा : 'इयत्ता ४ थीच्या खोलीचे उत्तरेकडील ३ पत्रे फुटलेले, प्रस्ताव मुख्याध्यापकांनी ८ दिवसांत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.' पुढच्या भेटीत पहिली ओळ याच शेऱ्याच्या पूर्ततेची असायला हवी. अधिकारी शाळेत असतानाच अध्यक्षांनी हा कागद समोर ठेवून गळतीची नोंद शेऱ्यात घेण्याची विनंती करावी. समोर दिसणारी गळती लिहायला सहसा कोणी नकार देत नाही.

मोजपट्टी कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. कामाचे दिवस पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२०, अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १,०००. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळाविरहित प्रवेश, कुंपण, स्वयंपाकाची जागा. तपासणी अहवालात यातल्या प्रत्येक बाबीवर एक ओळ आहे का ते पाहा.

आणखी एक पडताळणी कोणी करत नाही, ती करा. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत शाळेची दरवर्षीची माहिती भरलेली असते. त्यात स्वच्छतागृह वापरात आहे का, पाणी आहे का हे तर असतंच, शिवाय वर्षभरात केंद्र आणि तालुका पातळीवरून किती भेटी झाल्या हाही आकडा असतो. तो शेरेपुस्तकातल्या सह्यांशी जुळवा. आणि स्वच्छतागृह 'वापरात आहे' असं भरलं असेल तर वर कोणाच्याच नोंदीत तुमची अडचण नाही. दुरुस्तीच्या यादीत नाव न येण्याचं ते एक मोठं कारण असतं. आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या.

तागडी :
पोषण आहाराबद्दल लिहितो. करार हाती नसला तरी निम्मी तपासणी आजच करता येते, कारण मुलामागचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवी : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवी : १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम. यातून अनुक्रमे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत.

तुमच्या शाळेचा हिशेब मांडू. सगळे हजर असतील तर तांदूळ रोज ६ + ६ = १२ किलो, डाळ-कडधान्य १.२ + १.२ = २.४ किलो, तेल ३०० + ३०० = ६०० ग्रॅम. महिन्यात २२ दिवस शिजलं तर तांदूळ २६४ किलो, डाळ-कडधान्य ५२.८ किलो, तेल १३.२ किलो. प्रत्यक्ष खर्च मात्र हजेरीवर पडतो, पटावर नाही. सरासरी ८५ मुलं हजर असताना साठा नोंदवहीत रोज १२ किलो तांदूळ खर्ची पडत असेल, तर तिथे थांबून विचारा.

तेलाकडे विशेष लक्ष द्या. प्रमाण ग्रॅममध्ये आहे आणि पिशवी येते लिटरमध्ये. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १३.२ किलो तेलासाठी साडेचौदा लिटर लागतं. पावतीवर '१३ लिटर' आणि साठा नोंदवहीत '१३ किलो' अशी नोंद झाली की सव्वा किलोच्या आसपास तेल कागदावरच वाढतं. अनेकदा यात लबाडी नसते, नोंद घेणाऱ्याने एकक बदललेलं नसतं. पण मुलांच्या ताटात तेल कमीच पडतं.

माल उतरताना जे बिघडतं ते असं. पोत्यांचं वजन न करता 'पोती नग इतकी' म्हणून सही होते. वजन केलंच तर बारदानासह, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनासह, धरलं जातं. पावतीवर तारखेची जागा कोरी राहते आणि नंतर कार्यालयात मुदतीतली तारीख पडते, म्हणजे उशिराचा दंड लागतच नाही. दोन-तीन शाळांचा माल एकाच शाळेत उतरवला जातो आणि बाकीच्यांनी तो स्वखर्चाने न्यायचा. सुट्टीच्या दिवशी गाडी येते आणि मोजायला माणूस नसतो.

यावर उपाय एकच, सहीची पद्धत बदलणं. ठेकेदाराचं देयक त्या पावतीवर निघतं, त्यामुळे समितीच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच. शाळेत चालू वजनकाटा ठेवा. प्रत्येक पोतं मोजा, बारदान वजा करा, निव्वळ वजन आकड्यात आणि अक्षरात लिहा, तारीख आणि वेळ टाका, डाळीच्या आणि तेलाच्या पाकिटावरचा बॅच क्रमांक व अंतिम तारीख लिहा. तूट असेल तर 'इतके किलो कमी मिळाले' असं पावतीच्या सगळ्या प्रतींवर लिहूनच सही. आपल्याकडच्या एकाच प्रतीवर शेरा लिहिला तर देयकाला जोडलेली प्रत स्वच्छच जाते. डाळीत किडे किंवा जाळी दिसली तर तो माल वेगळा ठेवून, न स्वीकारल्याची नोंद करून त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. मागाहून केलेल्या तक्रारीला 'साठवणूक नीट नव्हती' हे उत्तर तयार असतं, आणि कोठीत ओल असेल तर ते खरंही असू शकतं. पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा.

शिजलेल्या अन्नाची चव वाढण्याआधी दोन-तीन प्रौढांनी घ्यायची, त्यातला किमान एक शिक्षक, हे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. चव नोंदवहीत पालकांची सही रोज खरी हवी. महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने झालेल्या तीस सह्या लगेच ओळखू येतात. मध्यान्ह भोजन नियम २०१५ नुसार सलग ३ शालेय दिवस किंवा महिन्यात ५ दिवस आहार मिळाला नाही, तर राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करायची असते.

पाटीदप्तर :
दोघांचेही आभार. वजनाची आणि चारी रकान्यांची पद्धत याच महिन्यापासून सुरू करता येईल. कराराची प्रत मागितली तर 'ती गोपनीय आहे' असं तोंडी उत्तर मिळतं. माहिती अधिकारात काय मागायचं?

दहा रुपयांचा स्टॅम्प :
निविदा अंतिम होऊन करार झाल्यावर, सरकारी पैशाने होणाऱ्या पुरवठ्याचा दर आणि अटी गोपनीय म्हणणं टिकत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) चं व्यापारी गुपित सांगितलं जाईल, पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हे त्याच कलमात आहे. पुरवठादाराला त्रयस्थ पक्ष म्हणून कलम ११ ची नोटीस गेली तर उत्तराला ३० ऐवजी ४० दिवस धरा. त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, त्याची परवानगी घ्यायची नसते.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. म्हणून दोन अर्ज करा. तपासणीचा अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे : या शाळेचे मागील ३ वर्षांचे तपासणी अहवाल, त्यावरील पूर्तता अहवाल, आणि अधिकाऱ्यांच्या दौरा दैनंदिनीतल्या (रोज कुठे गेले याच्या नोंदवहीतल्या) या शाळेच्या नोंदी. दौरा दैनंदिनी विसरू नका. भेट दाखवली आहे आणि शेरेपुस्तकात सही नाही, हे तिथेच सापडतं. कराराचा अर्ज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे : करारनामा अटी-शर्तींसह, पुरवठा आदेश, या शाळेच्या पोचपावत्या, मंजूर देयकं, दंड आकारला असल्यास त्याचा तपशील, नमुना तपासणीचे प्रयोगशाळा अहवाल. कागद दुसरीकडे असतील तर अर्ज ५ दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे.

'का दिला नाही', 'जबाबदार कोण' असे प्रश्न अर्जात नकोत. कागदाचं नाव आणि कालावधी लिहा. शुल्क १० रुपये, प्रती २ रुपये पान. देयकांचा गठ्ठा मोठा असेल तर आधी अभिलेख पाहण्याची मागणी करा आणि लागतील तेवढ्याच प्रती घ्या. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये.

करार हाती आला की पहिल्यांदा चार अटी वाचा : वजन कुठे धरायचं (गोदामात की शाळेत), खराब माल किती दिवसांत बदलून द्यायचा, उशिराचा दंड कसा मोजायचा, आणि देयकासाठी कोणाचा दाखला लागतो. वजन गोदामातलं धरलं जात असेल तर वाटेतली तूट कोणाच्या माथी, याची वेगळी अट शोधा. ती सापडली नाही तर शाळेत मोजलेल्या प्रत्येक किलोची नोंद दुप्पट महत्त्वाची.

इतिवृत्त :
माहिती अधिकाराने सुरुवात करू नका, एवढंच माझं मत वेगळं आहे. अर्ज गेला की मुख्याध्यापक आणि समिती समोरासमोर उभे राहतात, आणि मोजायला उद्या त्याच मुख्याध्यापकांची साथ लागणार आहे. आधी मासिक सभेत ठराव घ्या : करारातील पुरवठ्याचं प्रमाण, दर्जा आणि मुदत यांची प्रत शाळेला मिळावी. ठरावाला सूचक, अनुमोदक आणि गणसंख्येची नोंद हवी, नाहीतर तो फाईलमध्ये पडून राहतो. मुख्याध्यापकांच्या पत्राने तो वर पाठवा आणि आवक क्रमांक घ्या. अनेकदा तेवढ्यानेच प्रत येते. पंधरा दिवस काही झालं नाही तर मग अर्ज.

स्वच्छतागृहाच्या पाण्याचा विषय या सगळ्यात अडकवू नका. तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्वतंत्र लेखी तक्रार म्हणून द्या. ३ महिन्यांत निर्णय बंधनकारक आहे आणि निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. आठवीपर्यंतच्या मुली पाण्याअभावी दुपारी घरी जात असतील तर त्यांच्या दुपारच्या हजेरीची नोंद सोबत जोडा.

आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक किंवा विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार असेल, तर तुमच्या तुटीच्या पावत्यांच्या प्रती त्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक करून ठेवा. लेखापरीक्षक देयकाला जोडलेला कागद पाहतात. शाळेचं तूट दाखवणारं पत्र फाईलमध्ये असताना पूर्ण रक्कम अदा झाली असेल, तर त्यावर आक्षेप निघतो आणि वसुलीचा मुद्दा उभा राहतो. पत्र नसेल तर त्यांच्या लेखी पुरवठा शंभर टक्के झालेला असतो.