जुन्या वाड्यात खाली ऑफिस, वर घर. दोन राऊटर लावले आणि नेट अर्ध्यांनाच मिळतंय

वाड्यातला_पिंट्या

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, मदत करा.

वाईला आमचा जुना वाडा आहे. खाली रस्त्याच्या बाजूला बाबांचं ऑफिस, टॅक्सचं काम, जीएसटी रिटर्न वगैरे, आणि वर आम्ही राहतो. नेट फायबरचं आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन. केबलवाला आला त्या दिवशी घरी फक्त आई होती, तिने जिथे बोट दाखवलं तिथे त्याने डबा ठोकला, म्हणजे वर हॉलमध्ये टीव्हीशेजारी. वर काही तक्रार नाही. खाली मात्र दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती, ऑफिसात रेंजची एक काडी येते ती पण दारात उभं राहिलं तर.

आधी रिपीटर आणला, जिन्यात लावला. काड्या फुल आणि स्पीड ८. मग नवीन राऊटर आणला आणि कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराकडून वरून खालपर्यंत वायर ओढून घेतली, ३० मीटर. खोक्यावरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे वायर निळ्या पोर्टात घातली तर नेटच येईना, सेटिंगच्या पानावर आयपी कॉन्फ्लिक्ट असं काहीतरी लाल अक्षरात. वैतागून तीच वायर पिवळ्या पोर्टात घातली आणि चक्क चालू झालं! दोन दिवस मी घरात हिरो होतो.

आता असं झालंय की ऑफिसात ४ मशीन आहेत त्यातली कधी दोन चालतात कधी तीन, वरच्या टीव्हीचं पण नेट मधेच जातं जे आधी कधीच जात नव्हतं, आणि प्रिंटर सकाळी असतो पण लाईट जाऊन आली की ऑफलाइन. राऊटर बंद करून चालू केला की तासभर बरं. २० तारखेला ३बी (जीएसटीची महिन्याची रिटर्न) भरायच्यात, बाबा म्हणतात याच्यापेक्षा आपलं ते डोंगल बरं होतं. राऊटर खराब निघाला का? परत करू का?

---

सरळ_सांगतो

राऊटर परत करा आणि तीन डब्यांचं मेश (एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे) घ्या. विषय संपला. आजकाल कोण वायरी ओढतं.

---

तारवाला_काका

मेशने दगड फुटत नाही साहेब. ते तीन डबे आपसात वायरलेसच बोलणार ना, मग मधली भिंत त्यांनाही तीच. मेश चांगलंच असतं पण अशा वाड्यात त्याला मागून वायर द्यावीच लागते, आणि पिंट्याने वायर ओढलेली आहे म्हणजे अवघड काम झालेलं आहे.

पिंट्या, राऊटर खराब नाहीये. तुझ्या घरात आता एका म्यानात दोन तलवारी झाल्यात. वरचा फायबरचा डबा हा नुसता मोडेम नसतो, तो स्वतः राऊटर असतो. घरात कुठलंही यंत्र जोडलं गेलं की त्याला नंबर वाटायचं काम तो करतो (डीएचसीपी म्हणतात ते हेच) आणि त्याचा स्वतःचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असणार. तू आणलेला नवीन राऊटर पण फॅक्टरीतून तसाच आलेला, तोच पत्ता, तोच नंबर वाटायचा धंदा. निळ्या पोर्टात वायर घातलीस तेव्हा तो तुला खरंच सांगत होता की बाबा रे मागच्या दाराला आणि पुढच्या दाराला एकच नंबर लिहिलाय, मी पार्सल कुठे देऊ. ते लाल अक्षर वाचायचं होतं!

मग पिवळ्या पोर्टात घातलीस म्हणजे दोघांना एकाच खोलीत बसवलंस. आता एखादं मशीन चालू झालं की ओरडतं, मला नंबर द्या, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर ते घेतं. मग नेटवर जायला १९२.१६८.१.१ ला हाक मारतं तर दोघंही ओ देतात. वरच्याने ओ दिली तर नेट, खालच्याने दिली तर ठणठणाट, कारण त्याच्याकडे नेट आहेच कुठे, त्याचा निळा पोर्ट रिकामा. टीव्ही पण त्यातच सापडला. रीस्टार्ट केल्यावर तासभर बरं वाटतं ते निव्वळ नशीब.

उपाय दहा मिनिटांचा. वरून आलेली वायर काढून ठेव. लॅपटॉप फक्त नव्या राऊटरला जोड, १९२.१६८.१.१ उघड, लॅन (म्हणजे घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ कर आणि डीएचसीपी सर्व्हर बंद कर. सेव्ह. तो रीस्टार्ट होईल, पान उघडेनासं होईल, घाबरू नको, आता तो नंबर देत नाहीये म्हणून. मग वायर परत पिवळ्या पोर्टातच घाल. झालं. नवीन मॉडेल असेल तर अॅक्सेस पॉइंट मोड असं एक बटणच असतं, ते हेच सगळं करतं.

एकच विनंती, वरच्या डब्याचं मागचं बारीक भोक टाचणीने दाबू नकोस. त्यात केबलवाल्याने टाकलेला आयडी पासवर्ड असतो, तो पुसला की रविवारी संध्याकाळी त्याला फोन करत बसावं लागतं. अनुभव आहे.

---

मनू_सातारा

काकांचं बरोबर आहे पण मी या ठिकाणी अॅक्सेस पॉइंट करणार नाही. कारण खाली ऑफिस आहे.

माझं कामही अशाच छोट्या ऑफिसातलं (चार जणांचं, खाली काम वर बिऱ्हाड), त्यामुळे सांगते. काकांच्या पद्धतीने केलं की वरचं घर आणि खालचं ऑफिस एकच नेटवर्क होतं. म्हणजे वर पाहुण्यांच्या पोराने मोबाईलवर काय वाट्टेल ते डाउनलोड केलं तरी तो मोबाईल आणि बाबांचं पार्ट्यांचा (म्हणजे गिऱ्हाइकांचा) डेटा असलेलं मशीन एकाच ओसरीवर बसलेले. आणि पार्ट्या येऊन बाहेर बसतात त्यांना वायफाय हवंच असतं. पासवर्ड कुठे असतो? भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेला. खरं सांगा पिंट्या, आहे ना?

गेस्ट वायफाय असतं ते चालू करा म्हणतील, पण बऱ्याच राऊटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोडला टाकलं की गेस्टवाल्यांना मुख्य नेटवर्कपासून वेगळं ठेवणं बंद पडतं, नाव तेवढं गेस्ट राहतं.

म्हणून, नव्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा, डीएचसीपी चालूच ठेवा आणि वायर चित्रात दाखवलेल्या निळ्या पोर्टात घाला. आता नंबर वेगवेगळे, भांडण नाही. वरचा घराला वाटेल, खालचा ऑफिसला. घरातलं कुठलंही यंत्र आपणहून ऑफिसच्या मशीनपर्यंत पोचणार नाही. आणि तिसरं, पार्ट्यांसाठी गेस्ट चालू करा, तो इथे नीट चालतो.

वायफायला डब्ल्यूपीए२ (वायफायच्या कुलपाचा प्रकार) ठेवा किंवा डब्ल्यूपीए२/३ मिक्स. नुसतं ३ ठेवलंत तर जुना प्रिंटर जोडला जाणार नाही. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने पासवर्डाशिवाय जोडायची सोय) बंद करा. आणि राऊटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, तो वेगळा.

---

तारवाला_काका

मनूताई, मुद्दा मान्य, पण डबल नॅट (आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्यामागे ठेवायचं काम दोनदा) होईल की. एका राऊटरच्या मागे दुसरा.

---

मनू_सातारा

होईल. पण त्याने अडतं काय? जीएसटी पोर्टल, बँक, मेल, व्हिडिओ कॉल, कशालाच फरक पडत नाही. बाहेरून घरातल्या डीव्हीआरला (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला) पोर्ट उघडून बघायचं असेल किंवा काही गेम असतील तर अडतं, आणि ते तसंही हल्ली अडतंच, कारण अनेक कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटून देतात. वरच्या डब्यात नेटचा पत्ता १०० ने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ मधला आकडा दिसला तर समजायचं की आपण तसेही त्या रांगेत आहोत. मग दोन नॅट काय आणि तीन काय.

खरी अडचण एकच, वरच्या मजल्यावरच्या मोबाईलवरून खालच्या प्रिंटरला थेट प्रिंट देता येणार नाही. ते रोज लागत असेल तर काकांचा मार्ग बरा.

---

वाड्यातला_पिंट्या

बाप रे, कॅलेंडरवरच लिहिलाय. तुम्ही आमच्याकडे रिटर्न भरायला येऊन गेलात का ताई?

वरून प्रिंट लागते, ताईच्या मुलाचे शाळेचे प्रोजेक्ट असतात, पण रोज नाही. बाबांना विचारलं, ते म्हणाले लोकांचे पॅन आधार आपल्या मशीनवर आहेत, पोराचं चित्र पेन ड्राइव्हवर आणा खाली. निर्णय झाला.

अजून दोन शंका. एक, खाली वायर लावूनसुद्धा स्पीड ९४ च्या वर जात नाही, वर मोबाईलवर १९० येतो. दोन, प्रिंटरचं काय करू?

---

तारवाला_काका

९४ म्हटल्यावर तर डोळे झाकून सांगतो, तुझी वायर १०० वर अडकलीय. वायरीत आठ तारा असतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दुकानातल्या पोराने चारच दाबल्यात किंवा एखादी नीट बसलेली नाही. (राऊटरचे पोर्टच १०० चे असतील तर मात्र काही करता येणार नाही, खोक्यावर गिगाबिट लिहिलंय का बघ.)

पिन काढून उजेडात धर. पारदर्शक असते, आत तारा दिसतात. खटका खाली करून डावीकडून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची टोकं पिनच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि वायरीचं वरचं जाड कातडं पिनच्या आत गेलेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात. दोन्ही टोकांना सारखंच. आणि एक तार ब्लेडने खरवडून बघ, आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, दुकानदाराला परत दे. अस्सल तांब्याची कॅट ५ई सुद्धा ३० मीटरला गिगाबिट आरामात देते, कॅट ६ चा हट्ट नको.

वायर बाहेरच्या भिंतीवरून आणलीय की आतून?

---

वाड्यातला_पिंट्या

जिन्यातून नाही जमलं, माजघराच्या झरोक्यातून बाहेर आणि ओसरीच्या तुळईखालून परत आत. बाहेर माकडं आहेत.

---

मनू_सातारा

मग बाहेरचा भाग पीव्हीसी पाइपात घाला, माकडांनी आमची डिशची वायर दोनदा सोललीय. आणि वाईचा पाऊस! वायर आत शिरते तिथे आधी थोडा खाली झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाला ठिपकून जाईल, नाहीतर वायर धरून थेट आत येतं आणि राऊटरच्या पोर्टात हिरवी बुरशी.

प्रिंटर. लाईट गेली की प्रिंटर नव्याने नंबर मागतो आणि त्याला वेगळा मिळतो, मशीन जुन्याच पत्त्यावर पत्र टाकत बसतं म्हणून ऑफलाइन. प्रिंटरवरून त्याचं सेटिंगचं पान छापा, त्यात मॅक अॅड्रेस (त्या यंत्राचा स्वतःचा नंबर) असेल. नव्या राऊटरमध्ये अॅड्रेस रिझर्व्हेशन उघडून त्या मॅकला १९२.१६८.१०.५० बांधून टाका. मग प्रत्येक मशीनवर जुना प्रिंटर उडवून टीसीपी/आयपी पोर्टने त्या नंबरवर नव्याने जोडा. विंडोज आपणहून शोधून जोडतं ते बहुतेक डब्ल्यूएसडी पोर्टवर (विंडोजच्या आपोआप शोधायच्या पद्धतीवर) जोडतं, अर्धे ऑफलाइनचे नखरे तिथेच असतात.

प्रिंटर जुना असेल तर त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय दिसेल, त्याचं नाव वेगळं ठेवा. लॅपटॉप ५ वर. ५ ची रेंज दगडात मरते पण राऊटर त्याच खोलीत असल्यावर काय फिकीर. २.४ ला वरच्या डब्याला चॅनेल १ आणि खालच्याला ११, रुंदी २०. ऑटोवर सोडलं तर बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांशी मारामारी.

---

तारवाला_काका

आणि टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) असेल तर ते मशीन वायफायवर नको, वायरीवर. राऊटरला मागे चार पोर्ट असतात ते शोभेला नाहीत. एंट्री चालू असताना वायफायने एक उचकी दिली की डेटाची वाट लागू शकते, मग रात्रभर बॅकअप शोधा. लाईट जाते तर वर आणि खाली दोन्हीकडे छोटे डीसी यूपीएस लाव, पण राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घे, काही ९ चे असतात काही १२ चे. खाली लावून वर विसरलास तर उपयोग शून्य.

---

वाड्यातला_पिंट्या

अपडेट. काल रात्री बसून केलं. निळा पोर्ट, १०.१, गेस्ट वेगळं, प्रिंटर ५० वर बांधला. वायरीची पिन उजेडात धरली तर काकांनी सांगितल्यासारख्या चारच तारा, बाकीच्या चार मागे दुमडून कापलेल्या! पोराला बोलावलं, तो म्हणे "चारवर चालतं की." आठ दाबून घेतल्या, आता खाली १९३.

आज सकाळी मुद्दाम मेन स्विच पाडून चालू केला, प्रिंटर ऑफलाइन गेला नाही. टॅलीचं मशीन वायरीवर. कॅलेंडर उतरवलं, तिथे गेस्टचा पासवर्ड छापून लावला. बाबांनी तो वाचला आणि विचारलं, मग आपला कुठला? तो सांगितला तर त्यांनी लगेच डायरीत लिहून घेतला, आता डायरी कुठे ठेवतात ते बघावं लागेल. पाइप रविवारी.

मनूताई, काका, दोघांना वाईच्या घाटावर चहा लागू. रिपीटर पडून आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

---

सरळ_सांगतो

मला द्या, आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही.

---

तारवाला_काका

मायक्रोवेव्हच्या शेजारी लावू नका म्हणजे झालं.