मदत हवी आहे: डाइव्ह बोटीवर खाली झोपायचंय, आगीचं काय?

मंडळी, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच चार रात्री डाइव्ह बोटीवर (स्कूबा डायव्हिंगला नेणारी बोट) राहायचंय. बोटवाल्याने फोटो पाठवलेत, झोपायचे बंक सगळे डेकच्या खाली, वर जायला एक जिना आणि दुसरी वाट म्हणजे एका वरच्या बंकच्या डोक्यावर जेमतेम खांदे मावतील एवढी झडप. बरं ती उघडते कुठे, तर जिना जिथे निघतो त्याच हॉलमध्ये! मग दुसरी वाट कसली डोंबलाची?

२०१९ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट जळाली ना, ३४ जण गेले, तिथेही दोन्ही वाटा वरच्या एकाच हॉलमध्ये निघायच्या आणि रात्री पहाऱ्याला कोणी जागं नव्हतं. ते वाचल्यापासून झोप उडालीये.

बोटवाल्याला विचारलं तर म्हणे स्मोक अलार्म आहे, काळजी नको. पण वर हॉलमध्ये धूर झाला तर वरचा अलार्म खाली वाजतो का? रात्री टॉर्च-कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या चार्जिंगला कुठे लावतात? हे विचारलं तर गप्प.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी सांगा, अजून काय विचारू? पहिल्या दिवशी झडपेतून स्वतः चढून बघायचा हट्ट धरला तर चालतं का, की सरळ दुसरी बोट बघू?