कंट्रोल म्हणजे नियंत्रण नाही, तर मग काय?

खुरपेवाली
नमस्कार. मी एम.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय ॲग्रोनॉमी, म्हणजे पिकांचं शास्त्र. दहावीपर्यंत गावातच शिकले, सगळं मराठीत. अकरावीपासून पुस्तकं इंग्रजी झाली, पण पाठांतरावर निभावलं. आता प्रबंध लिहायला बसलेय आणि तिथे पाठांतराचं काही चालत नाही.

माझा प्रयोग सोयाबीनमधल्या तणांवर आहे. ७ ट्रीटमेंट (तणांसाठी करून बघायच्या सात तऱ्हा), ३ रेप्लिकेशन (प्रत्येक तऱ्हा तीन वाफ्यांत), २१ वाफे. दोरी लावून वाफे मीच आखले, पेरणीनंतर २० आणि ४० दिवसांनी बायकांबरोबर खुरपायलाही बसले. शेतात काय झालं ते मला कोणी सांगायला नको. तेच इंग्रजीत लिहिलं की सर लाल पेनाने कागद रंगवून परत देतात.

मागच्या आठवड्यातले तीन नमुने. सातव्या ट्रीटमेंटमध्ये तण काढायचंच नव्हतं, म्हणून तो कंट्रोल. मी लिहिलं, कंट्रोल वाफ्यात तणांचं नियंत्रण झालं. सर म्हणाले, "अगं, तिथे तर कमरेएवढं तण होतं ना?" मग शेवटी मोठ्या अभिमानाने लिहिलं की या प्रयोगात कसलीही एरर झालेली नाही. हे वाचून सर इतके हसले की शेजारच्या केबिनमधल्या मॅडमना सांगून आले. आणि तिसरं म्हणजे, खुरपणीचं उत्पादन हेक्टरी २,१४० किलो आलं, तणनाशकाचं १,९८५. मी लिहिलं, फरक सिग्निफिकंट. दीड क्विंटल हो! आमच्या घरी एवढ्यावरून भावाभावांत अबोला होतो. सरांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, "ॲट पार".

हायपोथिसिस, फायटोटॉक्सिसिटी असले अगडबंब शब्द मला येतात. हे साधेच चकवतात. डिक्शनरीत बघावं तर नियंत्रण, चूक, महत्त्वाचा, एवढंच. कोणी नीट समजावेल का?

पाऊलवाट
ताई, तुम्ही एकट्या नाही. माझ्या रूममेटला नेट प्लॉट म्हणजे पाखरांसाठी जाळी लावलेला वाफा वाटला होता आणि त्याने जाळीचा खर्च बजेटमध्ये धरला होता. कडेच्या ओळी सोडून मधला जो भाग मोजणीला घेतात तो नेट प्लॉट, हे त्याला कापणीच्या दिवशी कळलं.

बांधावरचा म्हातारा
माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करतो. ३५ वर्षं संशोधन केंद्रावर काढली, त्यातली पहिली दहा फील्ड असिस्टंट म्हणून. हे शब्द मी आधी चिखलात शिकलो, कागदावर नंतर.

कंट्रोल हा शब्द मुळात हिशेबातला, जुन्या फ्रेंचमधून आलेला. हिशेबाची दुसरी प्रत ठेवायची आणि पहिली तिच्याशी ताडून बघायची. ताबा ठेवणं हा अर्थ त्याला मागून चिकटला. आपण गणित सोडवलं की काय करतो? ताळा करून बघतो. तुझा सातवा वाफा हा ताळ्याचा वाफा. म्हणून तर त्याला चेकसुद्धा म्हणतात. तण राखलेला तो वीडी चेक, पूर्ण काढलेला तो वीड फ्री चेक, आणि वाणांच्या चाचणीत आपण ज्याला तुल्यवाण म्हणतो तोही चेकच. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून ना शेणखत, ना रासायनिक खत. नुसत्या ताळ्यासाठी पावणेदोनशेहून जास्त वर्षं उपाशी ठेवलेली जमीन!

एररची गोष्टही तिथलीच. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तिथे नोकरीला लागला आणि वर्षानुवर्षांचे साठलेले आकडे उपसायला बसला. आता तुझंच शेत बघ. दोन वाफ्यांत बी तेच, खत तेच, खुरपणारे हातही तेच. तरी उत्पादन वेगळं येतं, कारण एकावर बांधावरच्या लिंबाची सावली आणि दुसऱ्यात पाणी साचतं. यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. ट्रीटमेंटच्या किंवा ब्लॉकच्या (एका रेप्लिकेशनच्या वाफ्यांच्या गटाच्या) खाती टाकता येत नाही असा जो फरक उरतो, ती एरर. तीन रेप्लिकेशन घेतलीस ती हीच मोजायला. ७ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशन, म्हणजे सहा गुणिले दोन, एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (एरर मोजायला मिळणाऱ्या स्वतंत्र तुलना) १२. तक्त्यात असतील बघ. आपल्या शेतात एररच नाही असं लिहिणं म्हणजे जमिनीला लहर नसते असं म्हणणं. सर हसले ते याला.

एकदा ही लहर मोजली की सिग्निफिकंट आपोआप कळतो. फरक लहरीच्या मानाने पुरेसा मोठा आहे का, एवढंच तो विचारतो. ट्रीटमेंटमध्ये खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता विसात एकापेक्षा कमी असेल तर तो मानायचा. ही ५ टक्क्यांची रेघही फिशरनेच रूढ केली. तुझ्या तक्त्याखाली सी.डी.चा, म्हणजे क्रिटिकल डिफरन्सचा, आकडा असेल. दोन सरासऱ्यांतला फरक त्याहून कमी असेल तर त्या ॲट पार, म्हणजे बरोबरीच्याच धरायच्या. दीड क्विंटल घरी मोठा, कबूल. पण वर्तमानपत्रातला "लक्षणीय" इथे लावू नकोस. एवढासा फरकही सिग्निफिकंट ठरतो आणि ढीगभर फरक ठरत नाही.

तू विचारलं नाहीस, पण रँडमलाही लोक फसतात. मनाला येईल तसं म्हणजे रँडम नव्हे, चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं ते रँडम. मनावर सोडलं तर आवडती ट्रीटमेंट हटकून चांगल्या जमिनीत जाऊन बसते. मी पाहिलंय.

आता लिहिण्याचं. कृषिकोश या शेतीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जुने प्रबंध आहेत. तणांवरचे चार-पाच काढ आणि त्यातलं फक्त मटेरियल अँड मेथड्स वाच. आधी आपण काय केलं ते मराठीत मोठ्याने बोल, मग त्यांनी तेच कसं मांडलंय ते बघ. वाक्यं उचलू नकोस, क्रियापदं उचल. आपण सगळंच "करतो", इंग्रजीत तसं नाही. निरीक्षण रेकॉर्ड करतात, तणनाशक अप्लाय करतात, नमुना कलेक्ट करतात. आणि प्रूव्ह हा शब्द तर लिहूच नकोस. एका हंगामाच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नसतं, इंडिकेट म्हण.

चंचुपात्र
मी केमिस्ट्रीवाली, म्हणून थोडं अवांतर. ब्युरेटमधल्या द्रावणाची वरची वक्र कड, तिला मेनिस्कस म्हणतात. तो शब्द माझ्या वर्गातल्या मुलींच्या तोंडी काही केल्या बसेना. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छोटा चंद्र. त्यांना सांगितलं, ही चंद्रकोर आहे गं, टिकलीवरची. रंगहीन द्रावण असेल तर कोरीचा तळ वाचायचा, पोटॅशियम परमँगनेट असेल तर तळ दिसत नाही म्हणून वरची कड. तेव्हापासून सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा सारखी यावी लागणारी ब्युरेटची रीडिंग, पटापट जुळतात.

खुरपेवाली
काका, तक्ता काढून बघितला. सी.डी. २१२ आणि माझा फरक १५५. म्हणजे ॲट पारच. घरी आत्ता सांगणार नाही. ताळ्याचा वाफा मात्र डोक्यात पक्का बसला, वहीवर तसंच लिहून ठेवलंय. डिग्रीज ऑफ फ्रीडमही १२ च निघाले.

शेवटचं एक. सर सारखं "रिस्पेक्टिव्हली राहिलं" असं लिहितात. ते नेमकं कुठे लावायचं?

पाऊलवाट
रिस्पेक्टिव्हली म्हणजे आपलं अनुक्रमे. आपण ते आकड्यांच्या आधी लावतो, ते बहुतेक वाक्याच्या शेपटाला लावतात. आधी ट्रीटमेंटची नावं, मग त्याच क्रमाने आकडे, मग स्वल्पविराम आणि रिस्पेक्टिव्हली. क्रम तेवढा सांभाळा, नाहीतर तणनाशकाचं सोयाबीन खुरपणीच्या नावावर जमा.